चोच मोजण्याची चाळीस वर्षं

वर्षानुवर्षं चालणारं संशोधन करणाऱ्या माणसाला सल्ला देणारा मजकूर आता भरपूर मिळतो. पहाटे उठा. रोज थोडं का होईना लिहा. ध्येय कागदावर लिहून भिंतीवर चिकटवा. छोट्या यशाचं कौतुक करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. (हे सगळं आपण फोनवरच वाचतो, ते सोडा.) यातला कुठलाच सल्ला चुकीचा नाही. पण या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. काम जसं आहे तसंच राहणार, कमी पडतंय ते तुमचं मन, तेव्हा मनाची मशागत करा. पीएचडीच्या चौथ्या वर्षात रुतलेल्या माणसाला हे ऐकवलं की तो आणखी खचतो, कारण आता प्रयोग बिघडल्याचा दोषही त्याच्याच स्वभावावर येऊन पडतो.

हे गृहीतक तपासायचं तर सल्ल्याची आणखी पुस्तकं वाचून भागणार नाही. त्यापेक्षा ज्यांनी खरोखर संशोधन केलं त्यांच्या गोष्टी कशा सांगितल्या जातात ते पाहावं. म्हणून मी दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली. एक जेम्स वॉटसनचं ‘द डबल हेलिक्स’ (१९६८), डीएनएची रचना कशी सापडली त्याचं त्याने स्वतः सांगितलेलं कथन. दुसरं जोनाथन वाइनरचं ‘द बीक ऑफ द फिंच’ (१९९४), गॅलापागोसमधल्या एका बेटावर वर्षानुवर्षं पक्ष्यांच्या चोची मोजणाऱ्या पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याबद्दलचं. पहिलं विज्ञानातल्या सगळ्यात गाजलेल्या आत्मकथनांपैकी एक. दुसऱ्याला १९९५ साली पुलित्झर मिळालं, तरी माझ्या ओळखीत ते वाचलेली माणसं फार नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पहिल्या पुस्तकाने संशोधनाचं जे चित्र आपल्या डोक्यात बसवलं, ते लांब पल्ल्याच्या कामाला मारक आहे. दुसरं पुस्तक बरोबर जागी जाऊन पोचतं, पण तिथे जे सगळ्यात मोलाचं आहे ते त्याच्या लेखकाला पुरतं दिसलेलं नाही.

शर्यत

‘द डबल हेलिक्स’ आजही एका बैठकीत संपतं. वॉटसन १९५१च्या शरद ऋतूत केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत येतो, तेव्हा तेवीस वर्षांचा आहे. २५ एप्रिल १९५३ला ‘नेचर’मध्ये त्याचा आणि फ्रान्सिस क्रिकचा निबंध छापून येतो. मधल्या दीडेक वर्षात तो टेनिस खेळतो, सिनेमे बघतो, पार्ट्यांना जातो, जेवणाबद्दल कुरकुर करतो. शास्त्रज्ञ म्हणजे संन्यासी, ही कल्पना या पुस्तकाने मोडली, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

पण या दीड वर्षाला ओढत नेणारं इंजिन एकच आहे, आणि ते म्हणजे लायनस पॉलिंग आपल्याआधी पोचेल ही भीती. वॉटसन उठतो ते पॉलिंगचा विचार करत. पॉलिंगच्या मसुद्यात ढोबळ चूक सापडते तेव्हा पुस्तकातला आनंद ओसंडून वाहतो. स्पर्धेची भीती हे खरोखर जोरदार इंधन आहे, यात वाद नाही. पण ते जळायला दोन गोष्टी लागतात. शेवटची रेषा कुठे आहे हे माहीत हवं, आणि ती जवळ हवी. डीएनएच्या बाबतीत दोन्ही होतं. रचना एकच असणार होती, ती सापडली की सापडली, आणि सापडल्याचं लगेच कळणार होतं. विज्ञानात असे प्रश्न फार थोडे. बहुतेक प्रश्नांना रेषाच नसते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे शर्यतीच्या गोष्टीत सावकाश चालणारा माणूस आपोआप खलनायक होतो. रोझालिंड फ्रँकलिन क्ष-किरणांची छायाचित्रं काढत होती, मोजमापं घेत होती, आणि पुरेशी मोजमापं हातात आल्याशिवाय मॉडेल जुळवायला तयार नव्हती. पुस्तकात हा तिचा हेकटपणा ठरतो. प्रत्यक्षात १९५१च्या अखेरीस वॉटसन आणि क्रिकने घाईने जुळवलेलं तीन पदरी मॉडेल कसं चुकलंय हे तिनेच दाखवून दिलं होतं, आणि पुढे ज्या छायाचित्राने वॉटसनची खात्री पटली ते तिच्याच गटाचं होतं. वॉटसनने शेवटच्या टिपणात तिच्याबद्दल आपलं चुकल्याची कबुली दिली आहे. पण टिपण चार परिच्छेदांचं काम करतं आणि गोष्ट दोनशे पानांचं. वाचकाच्या लक्षात गोष्ट राहते.

शर्यत संपल्यावर फ्रँकलिनने काय केलं, हे ‘द डबल हेलिक्स’च्या गोष्टीत बसत नाही. ती दुसऱ्या महाविद्यालयात गेली, विषाणूंची रचना हा नवा प्रश्न घेतला, आणि १९५८ साली सदतिसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यावर उत्तम काम करत राहिली. शर्यत ‘हरलेली’ बाई इतक्या उत्साहाने काम कशी करू शकते, याचं उत्तर वॉटसनच्या पुस्तकातल्या मानसशास्त्राला देता येत नाही. ते शोधायला वेगळं पुस्तक लागतं.

बेट

डाफ्ने मेजर हे गॅलापागोस समूहातलं एक विझलेल्या ज्वालामुखीचं टोक आहे. क्षेत्रफळ चौरस किलोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. गोडं पाणी नाही, माणसं नाहीत, धड किनारासुद्धा नाही. होडी कड्याजवळ आणायची आणि लाटेचा अंदाज घेऊन एका ओल्या कपारीवर पाय टाकायचा. पिण्याच्या पाण्यासकट सगळं सामान तिथून वर चढवायचं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट इथे पहिल्यांदा आले १९७३ साली. पुढे दर वर्षी काही महिने ते किंवा त्यांचे विद्यार्थी इथे येत राहिले, २०१२पर्यंत.

काम काय, तर बेटावरचे फिंच पक्षी जाळीत पकडायचे. वजन करायचं, पंख आणि पाय मोजायचे, कॅलिपरने चोचीची लांबी, रुंदी, जाडी मोजायची. पायात रंगीत कड्या घालायच्या, म्हणजे पुन्हा दिसला की दुर्बिणीतून ओळखता येईल. मग सोडून द्यायचा. कोण कोणाशी जोडी करतं, किती अंडी, किती पिल्लं जगली, कोण काय खातं, बेटावर कुठल्या बिया किती उरल्यात, हे लिहून ठेवायचं. मग पुढचा पक्षी. एक वेळ अशी आली की बेटावरचा जवळपास प्रत्येक पक्षी त्यांच्या ओळखीचा होता.

वाइनरचं पुस्तक इथे आपल्याला घेऊन जातं आणि सुरुवातीची काही प्रकरणं अप्रतिम लिहितं. हातात धरलेला पक्षी, वारा, वहीत उतरणारे आकडे. डार्विन १८३५ साली या द्वीपसमूहात पाचेक आठवडे होता. त्याने फिंच गोळा केले, पण कुठला कुठल्या बेटावरचा याची नीट नोंद ठेवली नाही. पुढे नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडताना त्याला वाटत होतं की हा बदल इतका मंद आहे की माणसाच्या आयुष्यात तो होताना दिसणार नाही. ग्रँट दांपत्याने तो होताना पाहिला. पुस्तकाचं बातमीमूल्य हेच.

सराटा

तो कसा पाहिला, हे थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण मुद्दा तपशिलात आहे.

या बेटावर ट्रिब्युलस नावाची एक वनस्पती आहे. आपल्याकडे माळरानावर अनवाणी चालणाऱ्याच्या टाचेत घुसतो तो सराटा, म्हणजे आयुर्वेदातला गोखरू, याच कुळातला. टणक कवच, त्यावर काटे, आत बिया. मध्यम आकाराच्या फिंचपैकी ज्याची चोच जाड त्याला हे कवच फोडता येतं. ज्याची चोच जरा बारीक, तो सराट्याच्या वाटेला जात नाही, बारीक बिया टिपतो. पाऊस बरा असला की दोघांचंही भागतं.

१९७७ साली पावसाळ्यात जेमतेम २४ मिलिमीटर पाऊस झाला. पीटर बोग हा विद्यार्थी तेव्हा बेटावर मोजमापं घेत होता. बारीक बिया आधी संपल्या. उरला सराटा. मध्यम फिंचची संख्या बाराशेच्या आसपास होती, ती दोनशेच्या खाली आली. जे वाचले त्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्यांपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. चोचीचा आकार आईबापांकडून पिल्लांकडे जातो हेही मोजमापांतून दिसत होतंच, त्यामुळे पुढची पिढी थोड्या मोठ्या चोचीची निघाली. अर्धा मिलिमीटर म्हणजे जाडसर पुठ्ठ्याएवढा फरक. जगणं आणि मरणं तेवढ्यावर ठरलं होतं.

आता हे लक्षात घ्या की १९७७च्या आधीची चार वर्षं नोंदी नसत्या, तर हे काहीच दिसलं नसतं. मेलेले पक्षी मेले असते, जगलेले जगले असते, आणि दुष्काळानंतर येणाऱ्या कोणालाही वाटलं असतं की इथल्या फिंचची चोच ही एवढीच असते. ती चार वर्षं, ज्यांत सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, तीच वर्षं या शोधाचा अर्धा भाग आहेत. कंटाळवाणी वर्षं कशीबशी काढायची आणि मग शोध लागतो, असा हा मामला नव्हता. दुष्काळाच्या वर्षाला ज्याच्याशी ताडून बघायचं, ते या साध्या वर्षांनीच जमा करून ठेवलं होतं.

न टिकणारं उत्तर

बोग आणि ग्रँट यांचा निबंध १९८१ साली ‘सायन्स’मध्ये आला. सल्ल्याच्या पुस्तकांच्या हिशोबाने गोष्ट इथे संपायला हवी. ध्येय गाठलं, यश मिळालं, घरी जा.

पुढच्याच वर्षाअखेरीस एल निन्यो आला. १९८३च्या हंगामात त्या कोरड्या खडकावर तेराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. वेलींनी बेट झाकून टाकलं. सराटा वेलींखाली दबला, बारीक बियांचा ढीग झाला. पक्ष्यांची संख्या बेसुमार वाढली आणि मग पुन्हा कोरडी वर्षं आली. या वेळी तगले ते बारीक चोचीचे. १९७७ने जे केलं होतं ते उलटं फिरलं. १९७८ साली कोणी म्हटलं असतं की इथल्या चोची मोठ्या होत चालल्यात, तर त्याच्या पुराव्यात खोट नव्हती, आणि तरीही तो चुकला असता.

तिसरा फेरा आणखी विचित्र. याच काळात मोठ्या फिंचची दुसरी जात शेजारच्या बेटांवरून येऊन डाफ्नेवर वसली. सुरुवातीला मूठभर, २००३पर्यंत तीनशेच्या पुढे. मग २००३पासून पुन्हा दुष्काळ. १९७७च्या अनुभवावरून कोणीही पैज लावली असती की आता जाड चोचीचे मध्यम फिंच वाचणार. पण सराटा आता या मोठ्या पाहुण्यांनी फस्त केला होता. जाड चोचीच्या मध्यम फिंचना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागली आणि ते जास्त मेले. सारखाच दुष्काळ, सारखंच बेट, निकाल उलटा. हा निबंध २००६ साली आला, पहिल्या भेटीनंतर तेहतीस वर्षांनी.

माझ्या मते हे लोक इतकी वर्षं कसे टिकले याचं उत्तर या क्रमात आहे. ते समजून घ्यायला मला माझ्या कामाचा उपयोग झाला. मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्याकडे काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत कापलेलं असतं. तुकडा संपला की तिकीट बंद, बंद झालं की समाधान. या पद्धतीला नावं ठेवायची फॅशन आहे, पण तिच्यात एक शहाणपण आहे. माणसाला पाच वर्षांनी मिळणाऱ्या उत्तरावर जगता येत नाही, हातात लवकर काहीतरी पडावं लागतं. डाफ्नेवरही ते पडत होतं. दर हंगामाच्या शेवटी वहीत एक पूर्ण उत्तर असायचं, की या वर्षी कोण जगलं, कोण मेलं, कोणाला किती पिल्लं झाली. हे उत्तर ‘मोठ्या ध्येयाच्या दिशेने टाकलेलं छोटं पाऊल’ नव्हतं. ते स्वतःच पुरेसं होतं.

फरक पुढे आहे. आमच्याकडे बंद झालेलं तिकीट पुन्हा उघडलं तर ती चूक मानतात. डाफ्नेवर दर पावसाने जुनं तिकीट पुन्हा उघडायचं, आणि कामातली गंमत तीच होती. या वर्षीचं उत्तर पुढच्या वर्षी टिकेल का, हे आधी सांगता येत नाही. म्हणून पुढच्या वर्षी यावंसं वाटतं. एकदा हे दिसलं की ‘चिकाटी’ हा शब्द मला थोडा संशयास्पद वाटायला लागतो. चिकाटी म्हटलं की दात-ओठ खाऊन, मनाविरुद्ध, टिकून राहणं डोळ्यांसमोर येतं. ग्रँट दांपत्याचं टिकून राहणं हा त्यांच्या प्रयोगाचा आराखडाच होता. पाऊस दर वर्षी वेगळा पडतो, त्यामुळे एका वर्षाचं मोजमाप हे अर्धवट मोजमाप आहे. कॅलिपर जसं उपकरण, तशी चाळीस वर्षं हेही उपकरण.

१९७३ मध्ये चाळीस वर्षं यायचं असं ठरवून ते आले नव्हते. मला हेही महत्त्वाचं वाटतं. चाळीस वर्षांची प्रेरणा कोणाकडेच नसते, आणि त्यांनाही ती लागली नाही. त्यांना दर वेळी एका हंगामाची लागली.

वाइनरशी भांडण

आता पुस्तकाबद्दलची तक्रार. वाइनरला हे माणूस म्हणून कळतं, पण गोष्ट सांगणारा म्हणून त्याला वेगळंच काहीतरी सिद्ध करायचं आहे. त्याला डार्विन बरोबर होता हे दाखवायचंय. पुस्तकभर तो डार्विन आणि ग्रँट यांच्यात येरझाऱ्या घालतो. पुढे तो डाफ्ने सोडून त्रिनिदादमधले गप्पी मासे, कीटकनाशकांना दाद न देणारे किडे, प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू अशी फेरी मारून येतो. हे सगळं वाचनीय आहे, खरंही आहे. पण ते साक्षीदारांच्या रांगेसारखं आहे. उत्क्रांती होते का, हो, होते, हा अजून एक पुरावा. अमेरिकेत उत्क्रांती शिकवण्यावरून कोर्टकचेऱ्या होत आल्या आहेत, त्यामुळे तिथल्या लेखकाला ही रांग लावावीशी वाटणं समजू शकतं.

त्यात नुकसान असं होतं की बेटावरचा उघडा प्रश्न बंद होतो. डाफ्नेवर जाणाऱ्यांना डार्विन बरोबर होता की नाही याची चिंता नव्हती. त्यांना कळत नव्हतं ते पुढच्या पावसाचं. वाइनरच्या वाचकाला मात्र ग्रँट दांपत्य एका महान सिद्धान्ताचे पुजारी वाटायला लागतात, आणि मग त्यांच्या टिकून राहण्याचं श्रेय श्रद्धेला जातं. पुन्हा आपण मनाच्या मशागतीवर येतो.

गंमत म्हणजे काळाने हे पुस्तकच डाफ्नेवरच्या नोंदीसारखं उघडून टाकलं. ते १९९४ला छापलं गेलं. १९७७ला मोठी झालेली चोच १९८३नंतर पुन्हा लहान झाली, असा त्याचा गाभा. लंबक इकडून तिकडे आणि परत. वाचताना चित्र पूर्ण झाल्यासारखं वाटतं. मग २००३चा दुष्काळ येतो आणि कळतं की हा लंबक नव्हता, कारण मधल्या काळात बेटावर नवा प्राणी आला होता. वाइनरने चूक लिहिलं नाही. त्याने एकवीस वर्षांच्या नोंदींवर पूर्णविराम दिला, एवढंच.

ग्रँट दांपत्याने स्वतः लिहिलेलं ‘फॉर्टी इयर्स ऑफ इव्होल्यूशन’ (२०१४) म्हणूनच वाचायला हवं, जरी ते वाचणं सोपं नाही. आलेख, कोष्टकं, कोरडी वाक्यं. त्यात वाइनरच्या पुस्तकातला वारा नाही. पण प्रश्न कसे बदलत गेले हे त्यात दिसतं. सुरुवात स्पर्धा आणि चोचीतली विविधता इथून होते, मग निवड, मग दोन जातींमधला संकर, मग नवी जात कशी बनते. बाहेरून चाळीस वर्षं एकच काम दिसतं. आतून पाहिलं तर दर काही वर्षांनी त्यांनी नवं काम सुरू केलेलं आहे, जुन्या वह्यांसकट.

कोणाला जमतं, कोणाला परवडतं

वाइनरच्या पुस्तकातली एक बाजू मला अपुरी वाटते. हे सगळं कशाच्या आधारावर चाललं? पीटर ग्रँट प्राध्यापक होता, आधी मॅकगिल, मग मिशिगन, मग प्रिन्स्टन. पगार होता. संशोधनाचा निधी पुन्हा पुन्हा मिळत गेला. बेटावर जायची परवानगी मिळत गेली. विद्यार्थी येत, काही वर्षं राबत, आपला प्रबंध घेऊन पुढे जात, नवे येत. आणि बेटावर कोणी बारा महिने राहत नव्हतं. काही महिने मोजमाप, उरलेले महिने घर, शिकवणं, आकडेमोड. मधे मिळणारी ही सुटका चाळीस वर्षांचा भाग होती.

रोझमेरी ग्रँटचा रस्ता तर आणखी वेगळा. १९७३ला ती बेटावर आली तेव्हा तिच्याकडे पीएचडी नव्हती, दोन लहान मुली होत्या. मुली बेटावर सोबत असत. पीएचडी तिला १९८५ साली स्वीडनच्या उप्सालामधून मिळाली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तिने २०२४ साली आत्मचरित्र लिहिलं त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘एक पाऊल बाजूला, तीन पावलं पुढे’. अडथळा आला की धडक मारायची नाही, बाजूने जायचं. सल्ल्याच्या पुस्तकांत बाजूला टाकलेलं पाऊल म्हणजे लक्ष विचलित होणं. इथे ते वाटचालीचा भाग आहे.

आपल्याकडे लांब पल्ल्याचं काम होत नाही असं नाही. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली पन्नास हेक्टरचा तुकडा आखला. त्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांक आहे आणि कोणतं जगलं, कोणतं मेलं, कोणतं नव्याने उगवलं याची मोजणी दर वर्षी होत आली आहे. झाडाच्या मानाने ही काही वर्षं म्हणजे काहीच नाहीत. तरी हे काम चालतं, कारण ते एका माणसाच्या उत्साहावर सोडलेलं नाही.

दुसरीकडे आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना काय मिळतं ते बघा. २०२३ साली जेआरएफची रक्कम महिना ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, आणि त्यासाठी देशभरच्या विद्यार्थ्यांना आवाज उठवावा लागला. हे पैसेही अनेकांच्या खात्यात वेळेवर येत नाहीत. घरभाडं थकलेल्या माणसाला प्रेरणेवर व्हिडिओ पाठवणं म्हणजे सराटा संपलेल्या बेटावर फिंचला चोच मोठी करायला सांगण्यासारखं आहे. पक्ष्याची चोच त्याच्या इच्छेने वाढत नाही. बियांची व्यवस्था बदलली की कोण टिकतं ते बदलतं.

म्हणून या दोन पुस्तकांतून काही घ्यायचं असेल तर मी दोन प्रश्न घेईन, आणि ते स्वतःच्या मनाला न विचारता कामाला विचारेन. हे वर्ष संपताना मला असं काय कळलेलं असेल जे आज माहीत नाही, आणि जे एवढंच राहिलं तरी चालेल? आणि त्यातलं काय पुढच्या वर्षी खोटं ठरू शकेल? पहिल्याला उत्तर नसेल तर कामाचे तुकडे चुकीचे कापलेत. दुसऱ्याला उत्तर नसेल तर प्रश्न बहुधा संपलाय, आणि तो सोडून फ्रँकलिनसारखा दुसरा घ्यायला हरकत नाही. दोन्हींना उत्तर असूनही पाय उचलत नसेल, तर झोप, पगार आणि मार्गदर्शक यांच्याकडे बघावं. स्वभावाचा नंबर त्यानंतर.

१९८१ साली डाफ्नेवर एक परका नर फिंच आला. इथल्यांपेक्षा बराच मोठा, गाणं वेगळं. त्याला पकडलं, मोजलं, कड्या घातल्या आणि ५११० हा क्रमांक दिला. त्या दिवशी तो वहीतला आणखी एक पक्षी होता. त्याने इथल्या मादीशी जोडी केली. त्याची नातवंडं-पतवंडं आपापसातच जोड्या करू लागली. २००३नंतरच्या दुष्काळात हा अख्खा वंश एका भावाबहिणीच्या जोडीवर आला आणि त्यातूनही सावरला. सुरुवातीला तो जवळच्याच बेटावरचा संकर असावा असा अंदाज होता. डीएनए तपासल्यावर कळलं की तो शंभर किलोमीटरहून दूरच्या एस्पॅन्योला बेटावरून उडत आला होता, आणि त्याच्यापासून डाफ्नेवर जवळपास नवी जातच उभी राहिली होती. हे जगाला कळलं २०१७ साली. १९८१च्या त्या मोजमापाचा अर्थ लागायला छत्तीस वर्षं लागली. ते मोजमाप घेतलं गेलं होतं, कारण त्या हंगामात जाळीत आलेला प्रत्येक पक्षी मोजायचा होता.